न दुखणारा पाय आधी दाखवा

(तळजईवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर, पालख्या पुण्यात येण्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण रोज तळजई चढता, काही पर्वतीला जाता, रविवारी सिंहगड करणारेही इथे बसलेले दिसताहेत. थोड्याच दिवसांत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतील. त्यांच्याबरोबर निदान सासवडपर्यंत तरी चालायचं, असं काहींनी ठरवलंय. म्हणून पायांबद्दल बोलायचं तर याच महिन्यात बोलायला हवं.

मी हाडांचा डॉक्टर. माझ्याकडे टाच दुखते, घोटा मुरगळला म्हणून लोक लगेच येतात. त्यातल्या बहुतेकांना घरी करायचे उपाय सांगून मी परत पाठवतो. ज्यांनी खरं तर त्याच दिवशी यायला हवं, ते मात्र महिना महिना येत नाहीत, कारण त्यांना दुखतच नसतं. आज मला मुख्यतः या दुसऱ्या मंडळींबद्दल बोलायचंय. पण टाचेचं सांगितल्याशिवाय तुम्ही मला पुढे जाऊ देणार नाही, तेव्हा आधी टाच.

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकलं की टाचेत कळ जाते, जीव कळवळतो. दहा-वीस पावलं चाललं की बरं वाटतं. मग तासभर बसून उठलं की पुन्हा तेच. हे वर्णन ऐकलं की निदान जवळजवळ झालेलंच असतं. तळपायाखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो, प्लांटार फॅशिया नावाचा. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. टाचेजवळ, जिथे तो हाडाला चिकटलेला असतो, तिथे रोजच्या ताणाने त्याची झीज होते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

मग लोक एक्स-रे काढतात, त्यात टाचेचं हाड वाढलेलं दिसतं आणि घरभर चिंता पसरते. ते वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी टाचांमध्येही दिसतं. दुखण्याचं मूळ तिथे नसतं, म्हणून ते घासून काढायच्या मागे लागू नका. युरिक ॲसिडचा रिपोर्ट घेऊन येणारेही खूप असतात. युरिक ॲसिड वाढून होणारा सांध्याचा आजार, म्हणजे गाऊट, सहसा अंगठ्याच्या मुळाशी होतो. तो सांधा एका रात्रीत लालबुंद होऊन सुजतो, वरची चादरसुद्धा सहन होत नाही. सकाळच्या टाचदुखीचं खापर युरिक ॲसिडवर फोडण्यात अर्थ नाही.

आता उपाय. अंथरुणातून उतरण्याआधी काठावर बसा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पायाची पाचही बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला तर तो पट्टा ताणलेला लागेल. लागला नाही तर बोटं अजून थोडी ओढा. दहा आकडे धरून ठेवा, सोडा, असं दहा वेळा. मगच पाऊल खाली टेका. दिवसातून तीनदा करा. जोडीला पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, आणि तीस सेकंद पुढे झुका. मग तोच ताण गुडघा किंचित वाकवून घ्या, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि खालच्या स्नायूला ताण गुडघा वाकवल्यावरच मिळतो. सकाळी तुमच्या ग्रुपमध्ये मी पाहतो, ताण देताना मागची टाच सर्रास उचललेली असते. टाच उचलली की ताण वायाच गेला.

घरातल्या बायकांना एक विनंती. स्वयंपाकघरातल्या कडक टाइल्सवर तुम्ही तासन् तास अनवाणी उभ्या असता. घरात वापरायची मऊ, टाचेला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवा. ओट्याशी उभं राहताना चप्पल घातली म्हणून कोणी काही म्हणत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणावं. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानेही फरक पडतो.

हे दुखणं बरं व्हायला महिने लागतात. बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय जातं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण ते वारंवार घेतलं तर पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते. मी ते सहजासहजी देत नाही. रात्री झोपेतही दुखणं, सूज, ताप, दोन्ही बाजूंनी टाच दाबल्यावर जोराची कळ, किंवा तरुण माणसाच्या टाचदुखीबरोबर सकाळी कंबरही आखडणं, यांतलं काही असेल तर मात्र व्यायाम करत बसू नका, दाखवा.

आता घोटा. सिंहगडावर पाय मुरगळतात ते बहुधा उतरताना, आणि त्याला कारण आहे. घोट्याच्या खाचेत बसणारं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. उतारावर पाऊल पुढे झुकतं, तेव्हा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो. त्यात मांड्या थकलेल्या, खाली सुटे दगड. पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात.

मुरगळल्यावर पहिले दोन दिवस गरम शेक नको, चोळणं नको. आपल्याकडे घरोघरी तेल चोळून देणारं कोणीतरी असतंच आणि त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे, पण ताज्या दुखापतीवर चोळल्याने आतला रक्तस्राव वाढतो. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्या. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच.

एक्स-रे लागेल का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कडा, टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत, दाबून पाहा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेर जो उंचवटा लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाड दाबा. यांतलं कुठेही हाडावर दुखलं किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर या तपासणीवर विसंबू नका, कारण दुखलं पाहिजे तिथेही दुखणार नाही.

हाड शाबूत असेल तर लोक सूज उतरली की सगळं विसरतात, आणि तोच घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळतो. अस्थिबंधाबरोबर तोल सांभाळणारी जाणीवही दुखावलेली असते, ती परत शिकवावी लागते. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहा, दुसरा हात बेसिनला. जमलं की हात सोडा. महिनाभर रोज करा. ज्यांचा तोल मुळातच जातो, त्यांनी हात सोडायचा नाही.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. घरी वर्तमानपत्रावर उभे राहून पेन्सिलीने पावलाची रेघ काढा, कागद कापून घ्या आणि लक्ष्मी रोडला जाताना बरोबर न्या. बूट त्या कागदावर ठेवल्यावर कागद बाजूंनी बाहेर डोकावत असेल, तर तो बूट घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो की वापरून सैल होईल. अंगठ्याचं हाड बाहेर येणं, कुरूप, नखुरडं या बऱ्याच तक्रारी अरुंद बुटातच वाढतात.

वारीला जाणाऱ्यांसाठी. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाटाचा चढ. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. फोड आला तर त्यावरची कातडी काढू नका, तिच्यामुळेच खालची जखम झाकलेली राहते. पावसात मोजे ओले झाले की बदला. मुक्कामी बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, म्हणजे चिखल्या होणार नाहीत. भेगांना रात्री व्हॅसलीन लावा, पण बेचक्यांत नको.

आता ज्यासाठी मी आलो ते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. स्वतःहून आले नव्हते, पत्नीने आणलं होतं. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले म्हणून तिने ते कुठून येतात ते पाहिलं. चपलेचा खिळा वर आला होता आणि ते दिवसभर त्यावर चालले होते. मी जखम साफ करत होतो तेव्हा ते माझ्याशी शांतपणे गप्पा मारत होते. त्या शांतपणाची मला भीती वाटली. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाच्या नसा निकामी झाल्या होत्या.

हे आपल्या देशाने आधी कुष्ठरोगात पाहिलंय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने सडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो, जखम होते आणि ती कळत नाही. त्या कामातून मऊ मायक्रोसेल्युलर रबरच्या चपला आल्या. आज मधुमेहींना आम्ही त्याच सांगतो.

तेव्हा ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नीट ऐका. चप्पल पायातून निसटते आणि तुमच्या लक्षात येत नाही, ही धोक्याची खूण आहे. पायात घालण्याआधी चप्पल-बूट उलटे करून झटका, आत हात फिरवा. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. फोड आलेले मी पाहिलेत आणि त्यातल्या एकालाही चटका जाणवला नव्हता. देव मोज्यांवरही पावतो. पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कॉर्नच्या पट्ट्या लावायच्या नाहीत, त्यातलं ॲसिड चांगली कातडीही जाळतं. वज्री जपून. रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, किंवा नातवंडांना बघायला सांगा, ती आवडीने बघतात. तंबाखू आणि मशेरी सोडा, पायापर्यंत रक्त पोचायला हवं.

अजून एक. एक पाऊल सुजलंय, लाल आहे, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतंय, आणि दुखत नाही किंवा अगदी थोडं दुखतंय. याला शार्को फूट म्हणतात. यात आतली हाडं मोडत असतात आणि माणूस त्यांच्यावर चालत असतो. पाय टेकवणं त्याच क्षणी बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा. जखम लहान असली तरी तिला हाच नियम. आठवड्याने बघू, असं म्हणण्यातच पाय जातात.

आता सगळ्यांनी चपला-मोजे काढा. शेजाऱ्याला डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकेच स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, टिचकी मारू नका. स्पर्श झाला की त्याने उजवा की डावा ते सांगायचं. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तो पाय धोक्यात आहे असं धरा. एखादी जागा चुकली तर पुन्हा पुन्हा स्पर्श करून पास करू नका, पहिलंच उत्तर धरा. ज्यांना दोन जागा कळल्या नाहीत, त्यांनी पुढे या. त्यांतही वारीला जाणारे आधी, त्यांच्या चपलाही मला बघायच्या आहेत.