लाल चौकोन

(पडद्यावर : मारुतीच्या देवळाचा सभामंडप. सतरंजीवर पंचवीस-तीस बाया, कडेला पाच-सहा पुरुष. बाहेर पावसाची झड.)

ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत शिरलं की हे गाव लागतं. लावणी उरकलीय, म्हणून आज भरदुपारी बायांना बसायला सवड आहे. मधोमध एक मोठा कागद पसरलाय. ओळीओळीने प्रश्न. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का? गरोदर बाईचं पोट तपासतात, की नुसत्या गोळ्या देऊन जातात? दवाखान्यात औषधं बाहेरून आणायला सांगितली का? जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळाले का?

उत्तर ठरलं की आशाताई चौकोन रंगवतात. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांनाही हा कागद वाचता येतो.

पोट तपासण्याच्या ओळीला सगळ्या म्हणतात, हिरवा. तेवढ्यात मागून, खांबाला टेकून बसलेली कातकरी वाडीवरची एक तरुण आई बोलते : "गावात तपासतात. आमच्या वाडीव कोन येतंय?"

कुणीच काही बोलत नाही. तिच्या मांडीवरचं पोर तेवढं कुरकुरतं. मग आशाताई हिरवा खडू खाली ठेवतात आणि लाल उचलतात.

गावाला विचारलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा सरपंचाला विचारलेलं असतं. वाडीला वेगळं विचारावं लागतं, आणि ती बोलेपर्यंत थांबावं लागतं.

(पडद्यावर : चिखलवाट. पाठीवर लसींचा डबा घेतलेली बाई.)

१९७८च्या आल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने सांगितलं होतं की आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होणं हा लोकांचा हक्क आहे. आपल्याकडे २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आणि २००७मध्ये महाराष्ट्रातल्या ५ जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा कशी मिळते ते लोकांनीच तपासायचं. ठाणे त्यांतला एक. गावोगावचे असे तक्ते घेऊन लोक जनसुनवाईला जायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभं राहून उत्तर मागायचे.

पहिल्यांदा सगळा राग नर्सबाईंवरच निघतो. पण बोलणं वाढतं तसं कळतं, की डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, म्हणजे नर्सबाईंचा छोटा सरकारी दवाखाना, हा झाला नियम. जागा रिकामी राहिली की शेजारच्या उपकेंद्राचा भारही त्याच बाईवर. वाडीवर जायला वाहन नाही. मग तीच गावकी तालुक्याला अर्ज देते : आमच्या नर्सबाईंना जोडीला माणूस द्या. असा अर्ज आम्ही वाचलाय, खाली अंगठ्यांच्या रांगा. आरोग्य यंत्रणा बळकट करणं म्हणजे काय, ते आम्हाला त्या कागदावर दिसलं.

गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा निधी ठरवून दिला होता. रक्कम लहानच. पण पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर घ्यायची की बाळांचा वजनकाटा, हे या सतरंजीवर ठरतं. आधी काटा घेतला, कारण अंगणवाडीतला जुना काटा प्रत्येक बाळाला पाव किलो जास्त दाखवायचा. कुपोषित पोरं कागदावर सुदृढ होत होती! हे आधी हेरलं ते एका आजीने. नातवाला हातात घेतल्यावरच तिला वजन कळत होतं.

(पडद्यावर : पुन्हा सभामंडप. ऊन पडलंय.)

तक्ता भरून झाला. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी नर्सबाई आधी वाडीवर जातील, असं ठरलं. नर्सबाईंनी स्वतःच ते वहीत लिहिलं.

बाया उठायला लागतात. ती कातकरी आई मात्र बसूनच आहे.

"बुधवारचं झालं. पन दिवाळीनंतर आमी भिवंडीकडं वीटभट्टीव. तिथं पोराला डोस कोन देनार?"

कागदावर या प्रश्नाची ओळ नाही. आशाताई पट्टी मागवून घेतात, सगळ्यांत खाली एक नवी रेघ मारतात, आणि तिला विचारतात, "भट्टी कुठली? मालकाचं नाव सांग."