रिकामी बरणी आणि तिचं झाकण

नमस्कार श्रोतेहो. जॅम संपतो, मध संपतो, सॉस संपतो आणि काचेची बरणी मागे उरते. टाकवत नाही म्हणून आपण ती धुतो, तिच्यात डाळ भरतो, आणि काही आठवड्यांनी डाळीला लसणाच्या सॉसचा वास यायला लागतो. बोल लागतो बरणीला. पण काचेत काही मुरत नाही. वास धरून बसतं ते झाकण. त्याच्या आतल्या कडेला रबरासारख्या मऊ प्लास्टिकचं कडं बसवलेलं असतं. हवा अडवणं हे त्याचं काम, आणि तेल, लसूण, व्हिनेगर शोषून घेणं ही त्याची खोड. म्हणून आज बरणीपेक्षा झाकणाबद्दलच जास्त बोलू.

आधी बरणीचा काठ तपासा. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. बारीक टवका उडाला असेल तर कापसाचे धागे तिथे अडकतात. अशी बरणी खाण्याच्या कामाची नाही. झाकण घट्ट बसत नाही आणि काचेची कणी अन्नात पडू शकते.

लेबल काढायला फार खटपट नको. साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवलं की कागद सुटतो. चिकटा राहिला तर खाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा सम प्रमाणात कालवून लावा, वीस मिनिटांनी घासा. नुसत्या पाण्याने तो जात नाही, तेलाने मऊ पडतो.

आता झाकण. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात रात्रभर ठेवा, धुवा, दिवसभर उघडं वाळवा आणि मग हुंगून पाहा. वास उरलाच असेल तर हट्ट सोडा. त्या बरणीत मसाला भरा, नाहीतर झाकण बदला. पाव फेऱ्यात लागणारी पत्र्याची झाकणं ठरावीक मापांत मिळतात: ६३, ७०, ८२ मिलिमीटर वगैरे. बदली झाकण घेताना माप आणि आट्यांची ठेवण, दोन्ही जुळायला हवं. गंजलेलं, दबलेलं किंवा कडं फाटलेलं झाकण सरळ टाकून द्या.

झाकण हवाबंद आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. रिकामी बरणी घट्ट बंद करा आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पालथी बुडवा. आतली हवा तापून फुगते आणि वाट शोधते. आट्यांत अडकलेले एक-दोन बुडबुडे निघतील, ते सोडून द्या. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुरू राहिली, तर तिथे गळती आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वाळवण्यात. बरणी पालथी ठेवून निथळू द्यायची ती तासभरच. नंतर ती उताणी करायची, कारण पालथ्या बरणीत बाष्प कोंडून राहतं. पत्र्याच्या झाकणाची कड आत वळलेली असते आणि त्या वळकटीत पाणी लपून बसतं. वरून कोरडं दिसणारं झाकण कागदावर आपटून पाहा, थेंब पडतात. बरणी आणि झाकण दोन्ही पूर्ण एक दिवस उघडी ठेवा. एवढ्या-तेवढ्या ओलाव्याने साखरेच्या गुठळ्या होतात, पिठाला बुरशी धरते.

भरताना अंदाज हवा. अर्ध्या लिटरच्या बरणीत तांदूळ किंवा डाळ साधारण ४०० ग्रॅम मावते, पीठ मात्र पावणेतीनशेच्या आसपास. पिठाला रुंद तोंडाची बरणी घ्या, चमचा तळापर्यंत गेला पाहिजे. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. भरून झाल्यावर काठ आणि आटे कोरड्या फडक्याने पुसा. पिठाचा कण अडकला तरी झाकण नीट बसत नाही. काचेचा एक फायदा इथे उपयोगी पडतो: पुढचे दोन-तीन दिवस बरणीच्या आतल्या अंगाला दव दिसलं, तर जिन्नस ओला आहे. बाहेर काढून वाळवा.

किडे बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, धान्यातल्या अंड्यांतूनच निघतात. धान्य भरण्याआधी बंद पिशवीत, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवलं की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड दाण्यांवर हवेतलं बाष्प जमतं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच बरणीत ओता.

बरण्या बंद कपाटात ठेवा. ओट्यावर रांगेत छान दिसतात खऱ्या, पण उजेडाने मसाल्यांचा रंग उडतो आणि दाणे, बदाम लवकर खवट होतात. मिठाला पत्र्याचं झाकण नको, गंजतं, प्लास्टिकचं लावा. नाव आणि तारखेची पट्टी बरणीच्या अंगावर चिकटवा, झाकणावर नको, कारण झाकणांची अदलाबदल होतेच.

आणि जुन्यावर नवं ओतू नका. तळाशी वर्षभराचं पीठ तसंच राहतं आणि वरच्या ताज्या पिठालाही खवट करतं. आधी बरणी रिकामी होऊ द्या, धुवा, पुन्हा एक दिवस वाळवा, मगच नवं भरा. नमस्कार.