उभ्या गाडीची जागा कोणाची?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोटारींचं शहर : सामाजिक आणि पर्यावरणीय किंमत'. त्याकडे मी येणारच आहे. पण धावणाऱ्या मोटारीबद्दल आपण नेहमीच बोलतो. धूर, हॉर्न, कोंडी सगळं बोलून होतं. मला आधी उभ्या मोटारीबद्दल बोलायचंय. खासगी मोटार दिवसातले बावीस-तेवीस तास कुठेतरी नुसती उभी असते. ती कुठे उभी असते आणि त्या जागेचं भाडं कोण भरतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण सगळे दादरचे, त्यामुळे नकाशा काढून दाखवायची गरज नाही. रानडे रोडवरून आतल्या गल्लीत वळलात की कोपऱ्यावर वसईहून येणाऱ्या एक मावशी बसायच्या. पहाटेची लोकल पकडायची, डोक्यावर पाटी घ्यायची आणि आठच्या आत जागा धरायची. माठ, चवळी, अंबाडी आणि वेलची केळी. आता कुठल्याही केळ्याला वेलची म्हणून विकतात. मावशींची केळी बोटाएवढी, पातळ सालीची असायची आणि दुपारपर्यंत संपायचीही. पाटीखाली ओलं गोणपाट, बाजूला पालेभाजीवर शिंपडायला पाण्याचा डबा. एवढाच त्यांचा संसार.

त्यांच्या शेजारी पदपथाला लागून एक पांढरी मोटार उभी असायची. राखाडी कव्हर घातलेली, टायरांतली हवा गेलेली, खाली पिंपळाची पानं साचलेली. महिनोन् महिने ती जागची हलली नाही. मालक परगावी असतो, एवढंच इमारतीच्या वॉचमनला माहीत होतं. एकदा मावशींनी पाटी त्या गाडीला टेकवून ठेवली, तर हाच वॉचमन धावत आला. "गाडीला ओरखडा येईल, बाजूला घ्या!" मावशींनी पाटी बाजूला घेतली, म्हणजे रस्त्यावर घेतली, कारण पदपथावर दुसऱ्या दोन मोटरसायकली होत्या.

त्याच आठवड्यात अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळे पळाले. मावशींना गुडघ्यामुळे पळता येत नाही. त्यांची पाटी उचलून गाडीत टाकली, पाण्याचा डबा लवंडला, केळी चाकाखाली आली. मी तिथेच उभा होतो. मी त्या अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, ही शेजारची गाडीही जागा अडवून आहे, ती का उचलत नाही?" ते म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही." मला ते अजून झोंबतं. त्यांनी उर्मटपणा केला म्हणून नव्हे, ते खरंच सांगत होते म्हणून. रस्ता अडवणारी भाजी हा एका खात्याचा गुन्हा आहे आणि रस्ता अडवणारी मोटार त्या खात्याच्या हिशेबातच नाही.

आता जरा मोजमाप बघा, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी अटी घालून दिल्या. त्यात एका फेरीवाल्याला जागा धरली होती एक मीटर बाय एक मीटर. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आणि बांधकाम नियमांत एका मोटारीला धरतात साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला घर मिळतं ३०० चौरस फुटांचं. दोन मोटारी शेजारी-शेजारी लावल्या की त्या घराचा जवळजवळ सगळा पसारा भरतो. बारा मावशींची जागा एक बंद पडलेली मोटार फुकटात अडवते, आणि दादरमध्ये, जिथे फुटाचा भाव काय आहे हे तुम्ही मला सांगाल!

इथे कुणीतरी म्हणेल, आम्ही रोड टॅक्स भरतो. भरता ना, तो गाडी वापरण्यासाठी. सार्वजनिक जमिनीवर बिनभाड्याची खोली मिळावी म्हणून नव्हे. या सभागृहात अनेक ज्येष्ठ मंडळी आहेत. तुम्ही आज इथवर चालत आलात ते पदपथावरून की रस्त्याच्या कडेने, मोटारींच्या आरशांना कोपर लागू न देता?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. तेव्हा छापलेला विषय आता भराभर.

पहिली किंमत जिवांची. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ते गाडी चालवत नव्हते, गाडीत बसलेलेही नव्हते.

दुसरी पैशांची आणि समुद्राची, दोन्ही एकदमच सांगतो. कोस्टल रोडचा मरीन ड्राइव्ह ते वरळी हा टप्पा १०.५८ किलोमीटरचा, खर्च सुमारे १४ हजार कोटी, समुद्रात भराव १११ हेक्टर. दुचाकी, रिक्षा, सायकल यांना बंदी. बस जाते, पण बांधला मोटारींसाठीच. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला तो टोलशिवाय. मे २०२५ मध्ये बेस्ट बसचं किमान भाडं मात्र पाचाचं दहा रुपये झालं. आणि वरळी कोळीवाडा! तिथे याच रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात होड्या खांबांवर आपटतील, हे कोळी बांधव सांगत होते. ते १२० मीटर करून घ्यायला त्यांना आंदोलन करावं लागलं, काम अडवावं लागलं. समुद्र ज्यांना पाठ आहे त्यांना आधी विचारलं असतं तर?

इलेक्ट्रिक मोटारीने धूर कमी होईल, ते चांगलंच आहे. पण तीही साडेबारा चौरस मीटरच अडवते, तिचेही टायर झिजतात आणि ती धूळ आपल्याच नाकात जाते.

उपाय आहे. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे: गाडी ठेवायला स्वतःची जागा दाखवा, मगच गाडी घ्या. आपल्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये तशीच घोषणा केली होती. मोटार लॉबीने विरोध केला तर आश्चर्य नाही, पण आपल्या बाजूने निदान पत्रं तरी गेली पाहिजेत. दाराजवळच्या टेबलावर निवेदन ठेवलंय. त्यात दोन मागण्या आहेत: रस्त्यावर उभ्या मोटारीला बाजारभावाने भाडं लावा, आणि ते पैसे त्याच वॉर्डातल्या पदपथांना आणि बसला द्या. वाचा, पटलं तर सही करा. पटलं नाही तर मी इथेच थांबलोय, येऊन भांडा.