सोळाशे मीटरच्या तिसऱ्या राउंडला पाय का भरून येतात?

राम राम भो! जळगावची थंडी, पहाटेचे साडेपाच. मागं पोलीस भरतीची पोरं पळताहेत आणि इथं शेकोटी पेटलीय. ही शेकोटी आधी नीट बघा. पऱ्हाट्या टाकल्या की भडका उडतो आणि लगेच राख. हे बाभळीचं खोड मात्र रात्रीपासून धुमसतंय.

स्नायू चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीतल्या तयार इंधनाच्या रेणूवर. पण त्याचा तयार साठा जोर लावला की दोन-तीन सेकंदांत संपतो. मग क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूतलाच दुसरा राखीव साठा, तो भरून देतं, तेही जेमतेम दहा सेकंद. म्हणजे तुमच्या शंभर मीटरचा मोठा भाग यावर निघतो. हा साठा परत भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून सांगतो, दोन स्प्रिंटमध्ये तेवढी विश्रांती घ्याच. मिनिटभरात परत सुटलात तर तो वेगाचा सराव राहत नाही.

आता सोळाशे. माझा धाकटा भाऊ भरतीला पहिला राउंड सुसाट पळाला. तिसऱ्याला त्याच्या मांड्या दगड झाल्या, पाय उचलेना. मैदानाबाहेर बसून रडला तो. दम कमी नव्हता त्याचा. ऑक्सिजनवरची यंत्रणा पूर्ण वेगात यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्याआधीच जीव तोडून पळालं, की स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर फोडतो. ती पऱ्हाटीची आग! एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी, आणि स्नायूत आम्लता वाढते. ऑक्सिजन मिळाला तर त्याच ग्लुकोजमधून तीसच्या आसपास निघतात.

ऑक्सिजनशिवाय साखर फोडताना लॅक्टेट तयार होतं, त्यालाच लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात. त्याला शिव्या देऊ नका. लॅक्टेट हे हृदयाचं इंधन आहे, यकृत त्यातून परत साखर बनवतं. तासाभरात ते रक्तातून निघून जातं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

चैत्रात आपल्याकडून सप्तशृंगी गडावर पायी जाणारी आजीबाई बघा. दिवसभर चालते, धाप नाही. ते बाभळीचं खोड, म्हणजे चरबी. सावकाश जळते, पण ऑक्सिजन असेल तरच.

तर आज पहिला राउंड इतकाच पळायचा, की शेजारच्याशी तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. शिट्टी झाली बघा. घड्याळ लावा.