कोणतं रेडिएशन?

(दृश्य : परळ, सकाळची गर्दी. हातात फाईल घेतलेले नातेवाईक.)

टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर 'रेडिएशन चालू आहे' हे दिवसभर कानावर पडतं. इथं ते औषध. आणि संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा विषय निघाला, की तेच विष!

या दोन रेडिएशनचं नातं फार लांबचं आहे. टॉवरच्या लहरींमध्ये अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा नसते. जोर खूप वाढवला, तर त्या शरीर तापवतील. थेट रेणू तोडणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. क्ष-किरणांना आणि गॅमा किरणांना ते जमतं. टॉवरच्या भाड्यावरून भांडायचं असेल, तर ते खुशाल भांडा.

(दृश्य : ॲनिमेशन. अणुकेंद्रातून निघणारे कण.)

अणुकेंद्रातून निघणारा अल्फा कण जड असतो. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हवेत चार-पाच सेंटीमीटरमध्येच दमतो, कागदही त्याला अडवतो. कातडीवरच्या मृत पेशींचा थर तो ओलांडत नाही. पण अल्फा सोडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली, तर तो सगळी ऊर्जा मोजक्या पेशींवरच ओततो. बाहेर सर्वांत गरीब, आत सर्वांत वाईट.

बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. काही मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरतं. गॅमाला ना वजन, ना विद्युतभार. शिसं किंवा जाड काँक्रीट लावलं, तरी तो कमी कमी होत जातो, एका रेषेवर थांबत नाही.

(दृश्य : रुग्णालयातली स्वतंत्र खोली, बंद दार.)

परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं, 1963 पासूनचं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडिन-131 हे किरणोत्सारी आयोडिन दिलं जातं. रुग्ण डोस गिळतो आणि आयोडिन आपणहून थायरॉइडच्या पेशींत जाऊन बसतं. तिथं बीटा कण दोन-एक मिलिमीटरच्या आत काम उरकतात. त्याच अणूचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. म्हणून रुग्णाला वेगळी खोली, वेगळा संडास, नातेवाइकांना आत मज्जाव. पण आयोडिन शरीरात नेमकं कुठं पोचलं, हे कॅमेऱ्याला दिसतं तेही याच गॅमामुळे. आठ दिवसांत किरणोत्सार निम्म्यावर येतो.

(दृश्य : ट्रॉम्बे. खोक्यांची रांग.)

ट्रॉम्बेच्या आयसोमेड प्रकल्पात 1974 पासून वैद्यकीय साहित्य कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक होतं, तेही सीलबंद खोक्यासकट. पुठ्ठा, प्लॅस्टिक, कापूस, सगळ्यांतून किरण आरपार. जंतू मरतात, आणि वस्तू किरणोत्सारी होत नाही, कारण एवढ्या ऊर्जेचा गॅमा अणुकेंद्राला धक्का लावत नाही. खोकं बाहेर आलं की उचलायला हरकत नाही.

वस्तू किरणोत्सारी करण्याचं काम न्यूट्रॉनचं. विद्युतभार नसल्यामुळे तो केंद्रात सहज शिरतो आणि साध्या अणूला किरणोत्सारी करून सोडतो. ट्रॉम्बेतच 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही अणुभट्टी पाण्याच्या कुंडात सुरू झाली. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा वेग मारायला पाण्यातला हायड्रोजन शिशापेक्षा सरस.

कोबाल्ट-60ही असाच घडवावा लागतो. साधा कोबाल्ट-59 अणुभट्टीत ठेवतात, तो एक न्यूट्रॉन गिळतो. पुढं सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून अशा प्रकल्पात अधूनमधून नव्या कांड्या भराव्या लागतात.