फ्रिजला हात लावला की झिणझिण्या

श्रोतेहो, नमस्कार.

मी वायरमन. गेली 26 वर्षं पुण्यात वायरिंगची कामं करतोय, पेठांतल्या वाड्यांपासून धायरी-आंबेगावच्या सोसायट्यांपर्यंत. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही म्हणून लोक लगेच फोन करतात. शॉक बसतोय म्हणून मात्र कुणी बोलावत नाही. त्याची सवय करून घेतात, आणि मला भीती वाटते ती याचीच.

परवा नारायण पेठेत एका मावशींकडे गेलो होतो, बेसिनवरचा दिवा बदलायला. फ्रिजपुढे रबरी चपलांचा जोड ठेवलेला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फ्रिज उघडायचा तर त्या घालाव्या लागतात रे, नाहीतर झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जरा जास्तच." फ्रिज पुढे ओढला. मागे तीन पिनांचा प्लग, त्यातली जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली. दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसत नव्हती ना!

ती पिन अर्थिंगची. बाकी दोघींपेक्षा ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. फ्रिजच्या आतली एखादी तार सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तर करंटला जमिनीत जायची वाट तीच. ती कापली की करंट जातो फ्रिज उघडणाऱ्याच्या अंगातून. मावशी चपला घालतात, पण सुट्टीला आलेली नातवंडं अनवाणीच फिरतात.

"पण बोर्डावर एमसीबी आहे की," मावशी म्हणाल्या. हे मी घरोघरी ऐकतो. एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका. ती तारेला जपते, माणसाला नाही. 16 अँपिअरची एमसीबी 16 अँपिअरपर्यंत गप्पच बसणार. आणि 9 वॅटचा एलईडी दिवा ओढतो तेवढा करंट, साधारण 40 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पंचविसावा भाग, काही सेकंद छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो.

माणसाला जपते ती आरसीसीबी, बोर्डावरच बसवायचा दुसरा खटका. काहीजण तिला ईएलसीबी म्हणतात. घरात आलेला करंट आणि परत गेलेला करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणात पडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. दिवे गेले तर आतली यंत्रणा चालू आहे. नाही गेले, तर ती नुसती शोभेला आहे, बदलून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा. एका हातात फेज, म्हणजे करंट आणणारी तार, आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी तार, धरलात, तर करंट जसा आला तसाच परत जातो, तिला फरक कळतच नाही. म्हणून आरसीसीबी असली तरी मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नका.

आपल्या पुण्यात आणखी एक अडचण आहे. थोडं खणलं की काळा कातळ लागतो, आणि कातळात करंट सहजी मुरत नाही. इमारतीची अर्थिंगची तार जिथे जमिनीत उतरते, त्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात तो त्यासाठी. एप्रिल-मेमध्ये तो खड्डा सुकतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचाराच, आपला खड्डा कुठे आहे आणि त्यात शेवटचं पाणी कधी घातलं?

पावसाळ्याआधी कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा. ती तार खांबाला, पत्र्याला किंवा मीटरच्या पाइपला बांधलेली असेल, तर आजच काढा. जुलै 2024 मध्ये मुठेला पूर आला, तेव्हा डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक बसून तिघे गेले. पाणी घरात शिरतंय असं दिसलं की पाय ओले व्हायच्या आधी मेन स्विच बंद करा. मेनपाशीच पाणी असेल तर तिकडे जाऊ नका, वीज कंपनीच्या 1912 वर फोन करून लाइन बंद करायला सांगा.

आणि कुणाला करंटनं धरून ठेवलं, तर जीव कितीही तुटला तरी त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून सुक्या लाकडी काठीनं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला तारेपासून दूर ढकला. मग 108 लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. दमलात तर दुसऱ्याला बसवा, पण गाडी दारात येईपर्यंत थांबू नका.

नमस्कार.