मामाचा गुडघा

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक घर. स्वयंपाकघरातला उघडा फ्रिज.)

ताकाचं पातेलं, कोथिंबिरीची जुडी आणि मधल्या फळीवर स्टीलच्या डब्यात एक इवलीशी बाटली. फॅक्टर आठ, 250 युनिट. ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. इकडं पाऊस लागला की लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून शेजारी बर्फाचा थर्मास तयार.

बाटली आठ वर्षांच्या मुलाची. हिमोफिलिया ए. रक्त गोठायला लागणारा एक घटक, हाच फॅक्टर आठ, त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही. जखम झाली की रक्त थांबत नाही, एवढंच लोकांना ठाऊक असतं. खरा घात होतो आतल्या आत, सांध्यात. गुडघा तापतो, फुगतो आणि दर खेपेला आतली कूर्चा थोडी झिजते.

दारात खुर्ची टाकून बसलेत ते मुलाचे मामा. त्यांचा डावा गुडघा सरळच होत नाही. दोष आईच्या एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मामा-भाच्यांत हा आजार दिसतो. साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या घराण्यात आधी कुणालाच नसतो, दोष नव्यानं उपजलेला असतो. तरी बोल लागतो तो आईलाच.

"पळू नको गा, मामासारखं व्हील!" आजीचा आवाज.

आता हिशोब. किलोमागं एक युनिट दिलं की रक्तातला फॅक्टर दोन टक्क्यांनी वाढतो. डोक्यात रक्तस्राव झालेला सत्तर किलोचा माणूस आला, तर पातळी शंभर टक्क्यांवर न्यायला 3500 युनिट लागतात, म्हणजे अशा चौदा बाटल्या. तोही पहिलाच डोस. आठ-बारा तासांत निम्मा उतरतो. या पोराचं वजन बावीस किलो. सांधे वाचवायला आधीच नेमानं थोडी मात्रा द्यायची पद्धत धरली, तर आठवड्याला दोन बाटल्या. त्या चौदांत त्याचे सात आठवडे निघाले असते.

दवाखान्यातला साठा असा एका रात्रीत संपू शकतो. डॉक्टरांचं चुकलं? नाही. समोर माणूस जातोय म्हटल्यावर बाटली राखून कोण ठेवील? पण सकाळच्या बसनं बेळगावला पोचलेल्या आईला मग "पुढच्या आठवड्यात बघा" ऐकावं लागतं, आणि तो हुकलेला आठवडा कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

मला विचाराल तर पोरांचा वाटा महिन्याच्या पहिल्याच तारखेला बाजूला काढावा, दारात कुणी नसताना. बियाण्याचं भात ठेवतात तसा. पण डोक्यात रक्तस्राव झालेल्या माणसासाठी चौदावी बाटली मागायला आलेल्या बाईला नाही कुणी म्हणायचं? तिथं माझंही तोंड बंद होतं.

सीमेचा गुंता वेगळाच. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना इकडच्या 865 गावांना लागू केली. कर्नाटकानं हरकत घेतली. या घरात कागदांच्या दोन पिशव्या आहेत, एक बेळगावची, एक कोल्हापूरची.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराला यश आल्याचं 2024 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. मामांनी ते कात्रण जपून ठेवलंय, कुठल्या पिशवीत घालायचं ते अजून ठरलेलं नाही.

(दृश्य: उंबरठा. शाळेची वेळ.)

पोरगं बूट घालतंय. मामा वाकून पालथ्या हातानं त्याचा गुडघा चाचपतात.

"थंड हाय. जा."